नऊ श्वासांची जागा

मिनेगिशीबाई,
तुमचं नाव मला धड उच्चारता येत नाही.
सगुण मास्तर 'तोमोए' म्हणतात तेव्हा त्यांचे ओठ
गरम पेजेवर फुंकर घातल्यासारखे होतात.

नऊ कादंबऱ्या, चार नाटकं.
त्यातलं एक, कुणीतरी पोर्तुगीजमध्ये आणलेलं,
पणजीच्या रद्दीवाल्याकडे वीस रुपयांना मिळालं मास्तरांना.
दोन पावसाळे ते मराठीत ओढत होते,
खाजनातून होडी ओढावी तसं:
चिखल, मग पाणी, मग परत चिखल.

आमच्या आगरवाड्याच्या जत्रेत
रात्री बाराला पडदा उघडतो.
नांदी, राजे, तलवारी, पदं,
आणि वन्समोअर न मिळालेला नट
तीन दिवस कुणाशी बोलत नाही.
तिथं तुमचं नाटक.
एक म्हातारी, एक मुलगा, मिठाची एक रास.
खजिनदारानं विचारलं, राजा खंय?
मास्तर म्हणाले, मेला. पडदा उघडायच्या आधीच.

मी प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं.
कंदील गेला, बॅटरी आली, स्टूल तेच.
माझा आवाज नटाला पोचावा, देवाला नाही,
एवढीच माझी विद्या.

दुसऱ्या अंकात मुलगा विचारतो,
"बाबा समुद्रावर गेले, की समुद्रात?"
आणि म्हातारी गप्प.
(म्हातारी म्हणजे आमचा रुक्माजी, दिवसा पोस्टमन,
नाटकासाठी बावीस वर्षांची मिशी काढलेला.)

प्रतीत लिहिलं होतं: नऊ श्वास.
तालमीत मी बोटांवर मोजले होते.
पण त्या रात्री तिसऱ्या श्वासाला
मागे कुणीतरी चण्यांची पुडी उघडली,
पाचव्याला एक मूल रडलं,
सहाव्याला माझी एकतीस वर्षं
स्टुलावरून उठून उभी राहिली
आणि मी वाक्य दिलं:
"मीठ झाक, बाळा. दव पडेल."

माईक विंगेकडे वळलेला.
सगळ्या मंडपानं ऐकलं.
काळोखातून पुरुषाचा आवाज,
थोडा घोगरा, विडी प्यायलेला.

पुढच्या रांगेतली आगरातली एक बाय
हळूच म्हणाली, "बापूय आयलो."

कुणी हललं नाही.
रुक्माजी उठला. रास झावळ्यांनी झाकू लागला,
एकेक झावळी,
जणू आत कुणी निजलंय.

टाळ्या पडल्या, बाई. मला तोंड दाखवायची लाज वाटली.
पहाटे मास्तरांनी पुस्तकाची शेवटची पानं वाचून दाखवली,
जिथं तुमचं आयुष्य दीड पानात आटोपलंय.
वडिलांची फिरती मंडळी.
बारा वर्षांच्या तुम्ही, रंगमंचाखाली, मांडीवर वही.
एका गावात वडील वाक्य विसरले.
तुमचं बोट त्याच ओळीवर होतं.
तुम्ही दिली नाहीत.

का, ते लिहिलेलं नाही.
आदल्या रात्री त्यांनी मारलं होतं?
की ते पहिल्यांदाच खरे दिसत होते,
तोंड अर्धं उघडं, हात हवेत, कुणाचेच नसलेले?
त्यानंतर ते उभे राहिले नाहीत रंगमंचावर.
त्यानंतर तुम्ही लिहू लागलात.

मिठागरात आता मानशीतून भरतीचं पाणी घेतलंय.
त्याला घाई केली तर मीठ कडू होतं,
हे इथं पोरालाही ठाऊक.
मलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

या वर्षी कमिटीला परत तेच नाटक हवंय.
अट एकच: बापाचा आवाज पाहिजे.
मास्तर माझ्याकडे बघत नाहीत.

म्हणून हे पत्र. प्रतीच्या पाठकोऱ्या कागदावर.
रुक्माजीनं ते हातावर तोललं,
परदेशी टपालाचा दर सांगितला,
पेन काढून विचारलं,
"पत्ता?"

तुम्ही वारलात, हे त्यालाही माहीत आहे.

मी गप्प.
त्यानं पेन तसंच धरून ठेवलं.
मोजत होता बहुतेक.